मामांनी सरळ केलेली काठी

बारा दिवसांपूर्वी सकाळी माझ्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीत लावलेल्या कांदळाच्या तीन शेंगांपैकी मधली मला शीर्षासन करताना आढळली. पाच महिने जे टोक मी जपून, पाण्याच्या वर, दिव्याखाली ठेवले होते, ते वाळूत रुतलेले होते. आणि जे टोक वाळूत असायला हवे होते, ते आपली पांढरी मुळे हवेत पसरून उभे होते.

कांदळ हे खारफुटीतले, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांपैकी एक. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते, त्यामुळे खाली पडते ते बी नसून वीतभर लांबीचे आयते रोपच असते. लोक त्याला शेंग म्हणतात. ही शेंग समुद्रात महिनोन्महिने तरंगूनही जिवंत राहते, प्रथम आडवी, मग हळूहळू उभी होत जाते आणि उथळ चिखल लागला की मूळ धरते. म्हणजे वर कुठले आणि खाली कुठले, हे तिला भर समुद्रात, कोणाच्याही मदतीविना कळते. माझ्या बायकोच्या मामांना मात्र ते कळले नाही.

मामा आमच्याकडे चार दिवस राहायला आले होते. टाकीशी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी बराच वेळ आत पाहून, "मासे ठीक आहेत, पण काठ्या कशाला खोचल्यात?" असे विचारले होते. त्या काठ्या नसून झाडे आहेत, असे मी सांगितले. तिघींपैकी दोघींना प्रत्येकी दोन पाने होती, हा माझा पुरावा होता. मधलीला एकही पान नव्हते, हा त्यांचा. त्यानंतरचे तीन दिवस ते येता-जाता मधलीकडे असे पाहत, की परीक्षेत नापास झालेल्या मुलाकडे त्याच्या बापानेही तसे पाहू नये.

चौथ्या दिवशी ते स्वतःहूनच म्हणाले, "जावईबापू, ती मधली तुम्ही उलटी लावली होती. मी सरळ केली."

"मामा, ती सरळच होती."

"कोंब खाली होते तिचे. काचेतून दिसत होते. म्हणून उपटून बघितली, तर खाली कोंबच कोंब. वर पाच महिने पान कसं येईल?"

"ते कोंब नव्हते, मुळं होती."

"पांढरी?"

"मुळं पांढरीच असतात, मामा."

"वाळूत दडपलेला कोंबही पांढराच असतो," मामा शांतपणे म्हणाले. "चाळीस वर्षं बाग केलीय मी."

या वाक्यानंतर घरात माझ्या बाजूने कोणीही उरले नाही. मी दोन वर्षे टाकी सांभाळत आहे आणि मामा चाळीस वर्षे बाग, हे गणित सर्वांना तोंडपाठ होते. मी शेंगेच्या निमुळत्या टोकावरचा कळीसारखा मिटलेला कोंब दाखवू लागलो, तेव्हा तो वाळूत होता आणि त्यामुळे दिसत नव्हता. बायको हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना, मोठे आहेत ते." मोठ्या माणसांनी लहान झाडे उपटू नयेत, एवढेच माझे म्हणणे होते, पण ते मी मनातच ठेवले आणि तिथेच ते अजूनही आहे.

मामांची शंका मात्र एवढ्यावर थांबणारी नव्हती. "हिला मिठाचं पाणी लागतं का?" त्यांनी विचारले.

"लागतं असं नाही, पण चालतं."

"मग गोड्या पाण्यात जगते?"

"जगते."

"मग?"

या एका 'मग'ने माझे सगळे वाचन आडवे केले. खारफुटीला मीठ आवडत नाही, ती ते सोसते. बाकीची झाडे जिथे मरतात तिथे ती तग धरते, म्हणून किनारा तिच्या वाट्याला येतो. कांदळ बहुतेक मीठ मुळांपाशीच अडवते, तर तिवर ही दुसरी खारफुटी ते आत घेऊन पानांवाटे बाहेर टाकते. हे सर्व मी तन्मयतेने सांगितले. मामांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे बिचारी मीठ बाहेर ठेवायला धडपडते, आणि तुम्ही मोजून मीठ घालता."

मोजून घालतो, हे खरे आहे. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ, घनता 1.025 च्या आसपास. टाकीतून केवळ पाणी उडते, मीठ मागेच राहते, म्हणून रोज गोडे पाणी भरायचे. बुडबुड्यांचे तुषार पानांवर वाळून मिठाचा थर धरतो, म्हणून पानांवर रोज गोड्या पाण्याचा फवारा मारायचा. या फवाऱ्याला मामा 'आंघोळ' म्हणत आणि ती चालू असताना मुद्दाम खुर्ची ओढून बसत.

"पण झाड लावलंत कशाला?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न होता, आणि तोच सर्वांत जास्त लागला.

मी सांगितले की माशांच्या विष्ठेपासून आणि उरलेल्या खाद्यापासून पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट साठतात, आणि ते शोषून घेण्यासाठी खारफुटी लावतात. "किती शोषते?" असे मामांनी विचारताच मी विषय बदलला. कारण महिनाभर विचार करून एखादे पान काढणारे रोप कितीसे नायट्रेट शोषणार? ते काम करते टाकीखालच्या दुसऱ्या टाकीतले, तारांच्या गुंत्यासारखे दिसणारे हिरवे शेवाळ. ते आठवड्याला मूठभर वाढते आणि मी ते उपटून फेकून देतो. खारफुटी म्हणजे टाकीची नैसर्गिक गाळणी, असे सांगून शेंगा विकणाऱ्यांनी तीन शेंगांनी किती पाणी गाळले जाते, हेही सांगायला हवे होते. ते कोणी सांगत नाही, कारण शेवाळाशेजारी उभे राहून कोणालाही फोटो काढून घ्यावासा वाटत नाही. दहा-बारा तास दिवा, रोजचा फवारा आणि पाहुण्यांची बोलणी हे सर्व खारफुटीच्या वाट्याला. आणि ज्याच्यामुळे मासे जिवंत आहेत, त्याच्या वाट्याला कचऱ्याचा डबा. हे मला पूर्वीही माहीत होते. पण मामांनी विचारण्यापूर्वी ते मोठ्याने कबूल करण्याची वेळ आली नव्हती.

मामा गेल्यावर मी शेंग बाहेर काढली. कोंबाभोवतीची वाळू ब्रशने झाडली. दोन मुळे तुटलेली होती. ती सापडतील या वेड्या आशेने मी वाळू चाळली. सापडली असती तरी त्यांचे काय करणार होतो, कोणास ठाऊक. मग शेंग पुन्हा होती तशी लावली, खालचे टोक जेमतेम वाळूत टेकेल अशी, आणि तिच्या एका अंगाला आधाराला दगड ठेवला. हे सर्व मी रात्री केले, कारण मामांनी सरळ केलेली वस्तू मी उलटी करत आहे, असे घरात कोणाला वाटायला नको होते.

काल तिचा कोंब फुटला. दोन चकचकीत, पोपटी पाने, अजून एकमेकांना चिकटलेली. मी फवाऱ्याची बाटली घेऊन उभा होतो, तोवर बायकोने मामांना फोन लावलाही होता.

"मामा, तुम्ही सरळ केली ना, ती काठी फुटली!"

"फुटणारच," पलीकडून मामांचा आवाज आला. "जावईबापूंना सांग, वाईट वाटून घेऊ नका म्हणावं, होतं असं नवख्यांचं. आणि पुढच्या महिन्यात येताना मी तिच्यासाठी चांगलं कुजलेलं खत आणतो. टाकीत दोन मुठी टाकू."

"आणा ना, मामा," बायको म्हणाली.