म्हणी, ग्रंथ आणि आफ्रिकी तत्त्वज्ञान : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि पोटतिडकीने लिहिलेली आहे. दोन ओळींत आभार मानून तिची बोळवण करणं मला पटेना, म्हणून हे वेगळं उत्तर. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा देते. आफ्रिकी तत्त्वज्ञानाची तोंडओळख करून देणाऱ्या माझ्या लेखावर तुमचे चार आक्षेप आहेत. म्हणी, दंतकथा आणि कुळाचार यांना तत्त्वज्ञान म्हणणं हा निव्वळ भिडस्तपणा आहे, हा पहिला. तत्त्वज्ञानाला ग्रंथ लागतो, पूर्वपक्ष-उत्तरपक्ष (विरोधी मत मांडून त्याला उत्तर देणं) लागतो, आणि न्याय-मीमांसा या आपल्या दर्शनांत आहे तसं तिथे काही नाही, हा दुसरा. विसाव्या शतकात ज्यांनी लिहिलं ते ऑक्सफर्ड-पॅरिसला शिकून इंग्रजी-फ्रेंचमध्ये लिहिलं, तेव्हा ते पाश्चात्त्यच झालं, हा तिसरा. आणि एवढ्या मोठ्या खंडाचं मिळून एकच तत्त्वज्ञान कसं असेल, हा चौथा.

चौथ्यावर आपला वादच नाही. घानाच्या अक्रामधला अकान भाषक, व्हिक्टोरिया सरोवराकाठचा लुओ शेतकरी आणि गीझ भाषेत लिहिणारा इथिओपियाचा भिक्षू यांचं जगाबद्दल एकमत असायचं काही कारण नाही. 'आफ्रिकी' हे विशेषण मी 'युरोपीय'सारखंच वापरते: ते वाद कुठे चालू आहेत हे सांगतं, त्यांचा निकाल सांगत नाही.

पहिल्या आक्षेपाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तो आक्षेप आफ्रिकेतच सगळ्यात धारदारपणे घेतला गेला आहे.

1945 साली बेल्जियन काँगोतल्या एलिझाबेथविलमध्ये, म्हणजे आजच्या लुबुम्बाशीत, प्लासीद टेम्पल्स या बेल्जियन मिशनऱ्याचं बांटू तत्त्वज्ञानावरचं पुस्तक निघालं. बांटू लोकांच्या, म्हणजे मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बांटू भाषा बोलणाऱ्यांच्या, साऱ्या वागण्यामागे एक सुसंगत कल्पना आहे, असं त्याने मांडलं: असणं म्हणजेच शक्ती. ही प्राणशक्ती वाढते, घटते, पूर्वजांकडून वंशजांकडे उतरते, आणि आजारपण, जादूटोणा, प्रार्थना या सगळ्यांचा अर्थ तिच्या चढउतारातून लागतो. वसाहतीतला एक गोरा धर्मगुरू एवढं मान्य करतो, याचंच त्या काळी अनेक आफ्रिकी तरुणांना अप्रूप वाटलं. पण त्याच पुस्तकात टेम्पल्स असंही म्हणतो, की बांटूंना आपलं तत्त्वज्ञान स्वतः नेमक्या शब्दांत मांडता येणार नाही, ते आपण युरोपीयांनीच त्यांना मांडून दाखवायचं. पुस्तकाचा वाचक कोण, तर मिशनरी आणि वसाहतीचे कारभारी. मार्टिनिकचे कवी एमे सेझेर यांनी 1950 मध्ये यावर अचूक बोट ठेवलं. काँगोतल्या माणसाच्या प्राणशक्तीचा मान राखला की त्याला पुरेशी मजुरी, राहायला घर, पोटभर अन्न देण्याचा प्रश्नच मागे पडतो. लुटणाऱ्यांना याहून सोयीचं काय हवं, असा त्यांचा रोख होता.

टेम्पल्सच्या मागोमाग रवांडाचे धर्मगुरू आलेक्सी कागामे यांनी किन्यारवांडा भाषेच्या व्याकरणातून अस्तित्वाचे प्रकार शोधले आणि केन्याच्या जॉन म्बीती यांनी 1969 मध्ये 'आफ्रिकी कालकल्पना' मांडली. त्यांच्या मते पारंपरिक आफ्रिकी मनाला दूरचं भविष्य जवळपास नसतंच. दोन-तीन भाषांच्या आधाराने सगळ्या खंडाबद्दल काढलेला हा निष्कर्ष मला आजही पटत नाही.

या सगळ्या प्रकारच्या लेखनावर तुटून पडले ते बेनिनचे पोलँ हुंतोंजी. पॅरिसमध्ये मार्क्सवादी तत्त्वज्ञ आल्थ्युसेरच्या हाताखाली शिकलेले, जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लवर प्रबंध लिहिलेले, पुढे काही काळ आपल्या देशाचे शिक्षणमंत्री झालेले. 1970 च्या दशकात त्यांनी या लेखनावर 'एथ्नोफिलॉसफी' असा शिक्का मारला. सगळी जमात एकमुखाने एकच विचार करते, कोणाही एकाची त्यावर सही नसते, म्हणून कोणी चुकतही नाही आणि कोणाला खोडताही येत नाही. असल्या गोष्टीला तत्त्वज्ञान म्हणणं हा भ्रम आहे, आणि तो युरोपीय वाचकाला खूश करण्यासाठी जोपासलेला आहे, असं त्यांनी ठणकावलं. त्यांची व्याख्या अगदी कोरडी होती: आफ्रिकी माणसांनी लिहिलेले आणि लिहिणाऱ्यांनी स्वतः तत्त्वज्ञान म्हणून मांडलेले ग्रंथ, तेच आफ्रिकी तत्त्वज्ञान. तुमच्या पहिल्या दोन आक्षेपांचा गाभा यात जसाच्या तसा आहे. फरक एवढाच की हुंतोंजींनी यावरून आफ्रिकेत तत्त्वज्ञान नाही असा निष्कर्ष काढला नाही. तत्त्वज्ञान कशाला म्हणायचं यावर त्यांनी वाद घातला, त्यांच्यावर उलट टीका झाली, त्यांनी तिला उत्तरं दिली, आणि हा सगळा व्यवहार तुम्ही म्हणता त्या अर्थाने तत्त्वज्ञानाचाच आहे.

आता ग्रंथाबद्दल. लिखित परंपरा मुळीच नव्हती हे खरं नाही. आजच्या मालीतल्या टिंबक्टूचे विद्वान अहमद बाबा यांनी 1615 मध्ये गुलामगिरीवर एक निबंध लिहिला. कातडीच्या काळेपणावरून कोणाला गुलाम ठरवता येत नाही, आणि ज्या प्रदेशांनी आपणहून इस्लाम स्वीकारला तिथल्या माणसांना बाजारात विकता येत नाही, असं त्यात धर्मशास्त्राच्या आधारे सिद्ध केलं आहे. गुलामगिरीच मुळातून चूक आहे असं ते म्हणत नाहीत, हेही सांगायला हवं. आक्सिमजवळ, आजच्या घानात, जन्मलेला आंटोन विल्हेल्म आमो लहानपणीच युरोपात नेला गेला. 1734 मध्ये त्याने विटेनबर्गला लॅटिन प्रबंध सादर केला: संवेदना शरीराला होते, मनाला नाही. पुढे तो हाले आणि येना इथे शिकवत होता. त्यानंतर 30 वर्षांनी, 1764 मध्ये, जर्मन तत्त्वज्ञ कांटने एका माणसाबद्दल लिहिलं की तो नखशिखांत काळा होता, हाच तो बोलला ते मूर्खपणाचं असल्याचा पुरावा. आफ्रिकेत तत्त्वज्ञान आहे का, हा प्रश्न अशा वाक्यांच्या सावलीत विचारला गेला आहे. जर्मन तत्त्वज्ञान आहे का, असं कोणी विचारत नाही. हेगेलने आफ्रिकेला इतिहासाबाहेर ठेवलं, आणि भारतीय विचारालाही खऱ्या तत्त्वज्ञानात जागा द्यायला तो नाखूशच होता. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही.

माझ्या लेखात इथिओपियाच्या झेरा याकोबचं नाव का नाही, असं दुसऱ्या एका वाचकाने विचारलं होतं. मी ते मुद्दाम टाळलं. सतराव्या शतकात गुहेत राहून सगळ्या धर्मांना बुद्धीच्या कसोटीवर घासणारा हा ग्रंथकार विलक्षण आहे, पण ती पोथी एकोणिसाव्या शतकात एका इटालियन मिशनऱ्याच्या हाती प्रथम दिसते. 1920 मध्ये कार्लो कोंती रोसिनी यांनी ती त्या मिशनऱ्याचीच रचना असल्याचा दावा केला, क्लोद समनर यांनी 1970 च्या दशकात तिचा अस्सलपणा हिरिरीने मांडला, आणि तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. ज्या पोथीचा कर्ताच वादात आहे तिच्यावर सगळी भिस्त ठेवायची मला गरज वाटत नाही.

कारण लिहिणं ही कसोटीच मला मान्य नाही. आपल्याकडे वेद शतकानुशतकं तोंडी राहिले आणि वादसभा तोंडी चालत, हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नव्हे. हुंतोंजींचा यावर युक्तिवाद असा, की मौखिक परंपरेत सगळी शक्ती जपून ठेवण्यात खर्ची पडते, टीकेला उसंत मिळत नाही. याची परीक्षा प्रत्यक्ष कोणी घेतली असेल तर ती नैरोबीच्या हेन्री ओडेरा ओरुका यांनी. ते खेड्यापाड्यांतल्या ज्ञानी म्हणून मानल्या जाणाऱ्या वृद्धांकडे गेले आणि त्यांच्याशी देव, मृत्यू, समता, सत्य यांवर सवालजवाब केले. जो फक्त जमातीचं शहाणपण नीट सांगतो तो एक, आणि जो त्या शहाणपणाची उलटतपासणी करतो तो दुसरा, अशी त्यांनी विभागणी केली. तत्त्वज्ञ म्हणायचं ते फक्त दुसऱ्याला.

1981 मध्ये वारलेले पॉल म्बुया आकोको हे या दुसऱ्या गटातले लुओ वृद्ध. आपला देव फक्त आपला, अशी लुओंची समजूत होती. म्बुया म्हणतात, ही समजूत चूक आहे. देव अनेक असते तर त्यांचे नियम एकमेकांना छेदले असते आणि निसर्गात गोंधळ माजला असता; तसा गोंधळ दिसत नाही, म्हणून देव सगळ्यांचा मिळून एकच. स्त्री-पुरुषांबद्दल विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की पुरुष जास्त वेगाने धावू शकतो, पण मूल पोटात वाढवण्याचे आणि जन्माला घालण्याचे कष्ट सोसायचं बळ त्याच्यात नाही. तेव्हा कोणीच कोणाहून कमी नाही. युक्तिवाद तुम्हाला कच्चा वाटेल. देवाच्या एकत्वाचा मला थोडा वाटतोच, कारण अनेक देवांनी एकमत केलं तर काय, हा प्रश्न त्यात सुटत नाही. पण इथे प्रतिज्ञा (सिद्ध करायचं विधान) आहे, हेतू (त्यामागचं कारण) आहे आणि आपल्याच समाजाला 'तुम्ही चुकता' म्हणण्याची हिंमत आहे. कागद तेवढा नाही.

यावर नायजेरियाच्या पीटर बोदुनरिन यांनी 1981 मध्ये अडचण काढली: प्रश्न विद्यापीठातल्या माणसाने विचारले, तेव्हा निघालेलं तत्त्वज्ञान नक्की कोणाचं? आक्षेप वजनदार आहे, पण तो लावायचा तर सगळीकडे लावावा लागेल. प्रश्नाशिवाय विचार कुठेच सुरू होत नाही. सॉक्रेटिसने स्वतः एक ओळ लिहिली नाही, आणि त्याच्या संवादातलं किती त्याचं व किती प्लेटोचं याचा हिशेब कोणालाच लावता आलेला नाही.

तुम्ही आफ्रिकेतल्या म्हणी एका पारड्यात आणि नव्यन्यायाचा आचार्य गंगेश याचा ग्रंथ दुसऱ्या पारड्यात टाकलात. घानाच्या क्वासी विरेडू यांनी नेमकी हीच चूक दाखवून दिली होती. आफ्रिकेतल्या लोकसमजुतींची तुलना युरोपातल्या विज्ञानाशी करू नका, युरोपातल्या लोकसमजुतींशी करा. आणि युरोपातल्या तत्त्वज्ञांची तुलना आफ्रिकेतल्या तत्त्वज्ञांशी. विरेडू स्वतः काही परंपरेचे भाट नव्हते. पूर्वजांना मद्याचं तर्पण करण्यासारख्या प्रथा, वडीलधाऱ्यांच्या शब्दापुढे मान तुकवण्याची सवय, या सगळ्यावर त्यांनी घरातल्या माणसाच्या हक्काने टीका केली.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विरेडू ऑक्सफर्डला गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाकडे शिकले आणि जन्मभर इंग्रजीत लिहीत राहिले, हे खरंच आहे. पण शिक्षण कुठे झालं यावरून विचाराचं गोत्र ठरत नाही. विरेडूंनी आफ्रिकी अभ्यासकांना एक शिस्त सुचवली: इंग्रजीत शिकलेला प्रत्येक प्रश्न आपल्या भाषेत मांडून बघा, तिथे तो प्रश्न म्हणून उभा राहतो का ते तपासा. बंगालचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी 1930 च्या आसपास 'विचारांतलं स्वराज्य' मागितलं ते याच अस्वस्थतेतून. आणि 1983 मध्ये पुण्यात दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे या तत्त्वज्ञांनी संस्कृत पंडित आणि इंग्रजीत शिकलेले प्राध्यापक यांना समोरासमोर बसवून इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलवर चर्चा घडवली, तीही याच वाटेवरची. रेग्यांचं तत्त्वज्ञान परकं की आपलं, असा प्रश्न आपण विचारत नाही.

हुंतोंजी मात्र इथे अधिक कठोर आहेत, आणि इथे मी त्यांच्या बाजूची आहे. भाषेपेक्षा वाचक कोण हे जास्त जाचतं, असं ते म्हणत. आफ्रिकी अभ्यासक बाहेरच्या नियतकालिकांसाठी लिहितो, म्हणून विषयही बाहेरच्यांना रुचतील तेच निवडतो. स्वतःच्या देशात विद्यापीठं, ग्रंथालयं, वाद घालणारे सहकारी उभे राहिल्याशिवाय हे थांबणार नाही, असं त्यांनी 2024 मध्ये निधन होईपर्यंत लावून धरलं.

राहिला पूर्वपक्ष-उत्तरपक्ष. तो हवा असेल तर एकच वाद पाहा. 1984 मध्ये नायजेरियाच्या इफेआन्यी मेनकिटी यांनी मांडलं, की पारंपरिक आफ्रिकी दृष्टीने माणूस जन्मतः पूर्ण व्यक्ती नसतो. समाजातली कर्तव्यं पार पाडत तो हळूहळू व्यक्ती होतो, आणि त्यात तो नापासही होऊ शकतो. त्यांचा एक पुरावा अंत्यविधींचा: तान्हं मूल गेलं तर विधी थोडक्यात आटोपतात, वृद्ध गेला तर सगळा समाज लोटतो. घानाच्या क्वामे जेची यांनी 1987 च्या ग्रंथात आणि त्यानंतर याला कडाडून विरोध केला. समाज माणसाला घडवतो हे खरं, पण त्या समाजाचे नियम तपासून नाकारायची कुवत माणसात मुळातच असते, असं त्यांचं म्हणणं. आधाराला त्यांनी अकान म्हणी घेतल्या. सगळी माणसं देवाची लेकरं, मातीचं लेकरू कोणी नाही, ही एक. आणि दुसरी मला फार आवडते: कुळ हे झाडांच्या राईसारखं, लांबून एकवटलेलं दिसतं, जवळ गेलं की प्रत्येक झाड स्वतंत्र उभं असतं.

म्हणजे म्हण इथे निष्कर्ष म्हणून आलेली नाही, पुरावा म्हणून आलेली आहे, आणि तिच्या विरुद्ध जाणाऱ्या म्हणी अकानमध्ये आहेत हे जेचींना पक्कं माहीत होतं. मी या वादात बव्हंशी जेचींकडे झुकते, पण माणसाचे हक्क समाजहितापुढे केव्हा मागे घ्यायचे, याचं त्यांचं उत्तर मोघम आहे आणि टीकाकारांनी त्यांना तिथेच गाठलं आहे. तुमचं न्यायशास्त्राचं वाचन माझ्याहून दांडगं आहे. जेचींच्या युक्तिवादात ती राईची म्हण शब्दप्रमाण (विश्वासार्ह वचनाचा पुरावा) म्हणून चालते की नुसता दृष्टान्त म्हणून, आणि दृष्टान्त असेल तर त्यातली व्याप्ती (कारण आणि निष्कर्ष यांचा अटळ संबंध) कोणती, यावर तुम्ही लिहिलंत तर मला ते जेचींच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून तपासून पाहायचं आहे.