अपघाताचे कारण: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा

वीज वितरण कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून तुमची नेमणूक झाली, अभिनंदन. आठवडाभरात ‘सुरक्षा व्यवस्थापनात मानवी घटकाचा (म्हणजे काम आणि साधनं माणसाच्या मर्यादांना साजेशी करण्याचा) समावेश करावा’ असं परिपत्रक तुमच्या टेबलावर येईल. दचकू नका. आपल्याकडे मानवी घटक पूर्वीपासून आहे. अपघात अहवालाच्या शेवटच्या रकान्यात त्याची जागा कायमची राखून ठेवलेली आहे. तिथे ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’ लिहिलं की झाला समावेश.

कोणी आधार मागितलाच, तर हाइनरिक यांचं नाव घ्या. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या या गृहस्थांनी 1931 साली लिहून ठेवलंय की 88 टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्याने होतात. आकडा विम्याच्या जुन्या फायली आणि कारखानदारांकडच्या नोंदी चाळून काढलेला होता, म्हणजे साहेबांच्या चुका साहेबांनाच विचारून. पण हा तपशील बैठकीत सांगायचं काही कारण नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पावसाळ्यातली रात्र, साडेअकराचा सुमार. 11 केव्हीचा (11 हजार व्होल्टचा) शेतीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, बिघडून बंद पडलाय. वायरमन सकाळी आठला घराबाहेर पडलेला; दिवसभर थकबाकीची वसुली, मग मीटरच्या तक्रारी, आणि आता हे. उपकेंद्राबाहेरच्या डबल पोलवर (जोडखांबावर) दोन एबी स्विच, म्हणजे हँडल ओढून लाईन तोडायचे खटके, दोघांची हँडलं जुळ्या भावांसारखी, वर लिहिलेली फीडरची नावं कधीच धुऊन गेलेली. कुठलं हँडल कुणाचं, हे जुन्या लाईनमनला तोंडपाठ होतं. तो निवृत्त झाला. निरोप समारंभात त्याला शाल-श्रीफळ दिलं, पण हँडलांबद्दल विचारायचं राहून गेलं. परमिट, म्हणजे ‘लाईन बंद आहे, काम करा’ ही परवानगी, फोनवरून. रेंज एक काडी. पलीकडे उपकेंद्रात कंत्राटी ऑपरेटर, बदली माणूस न आल्यामुळे सलग दुसऱ्या पाळीत. ‘मधला वाडा’ फीडर बंद करायचाय की ‘मधली वाडी’, हे पावसाच्या आवाजात दोघांनी एकमेकांना तीनदा विचारलं. त्यात फोन सुरूच: सरपंच, पोल्ट्रीवाले, सरपंचांचे मेहुणे, आणि दर दहा मिनिटांनी खुद्द तुमचे कनिष्ठ अभियंता, ‘अरे, अजून किती वेळ?’

अशा वेळी चुकीचं हँडल ओढलं गेलं, तर खापर हँडलवर फोडणार का? हँडलला कारणे दाखवा नोटीस देता येत नाही. वायरमनला येते. तो जिवंत असेल तर.

इथे एक धोका सांगून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बर विमानांचे वैमानिक उतरल्यावर पंखांचे फ्लॅप (मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) मिटण्याऐवजी चुकून चाकंच आत घेत. सगळे म्हणत, वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी, दिसायला सारखेच. त्याने चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ बसवली, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीच्या, आणि तो घोटाळा थांबला. हा किस्सा शाखा कार्यालयापर्यंत पोचू देऊ नका. चुकणंच अवघड होऊन बसलं, तर निलंबित करायला माणूस आणायचा कुठून?

हातमोज्यांचं म्हणाल, तर ते आहेत. एकाच मापाचे, स्टॉक रजिस्टरला नोंद असलेले, कपाटात कुलूपबंद. फाटले तर वसुली लागते, म्हणून किल्ली क्लार्ककडे. आणि क्लार्क सहाला घरी जातो. हातमोजे घालून जंपरचा (दोन तारा जोडणाऱ्या तुकड्याचा) नट चिमटीत धरता येतो का, हे स्वतः घालून बघण्याचा मोह टाळा. डिस्चार्ज रॉडही आहे, म्हणजे लाईन जमिनीला जोडून (‘अर्थ’ करून) तिच्यात आलेली वीज जमिनीत सोडायची काठी. वायरमनच्या मोटारसायकलवर दोरी, शिडी आणि मागे मदतनीस बसल्यावर तो कसा न्यायचा, हा नियोजनाचा प्रश्न आहे आणि नियोजन हे वेगळं खातं आहे. मग एखाद्या बागायतदाराच्या जनरेटरची वीज उलटी लाईनवर आली, तर ‘लाईन अर्थ न करता काम केले’ हे वाक्य तयार ठेवा. खरं म्हणजे ते खोटंही नसतं. आपल्या अहवालांची ताकद त्यातच आहे.

थोडक्यात बचावल्याचं कोणी कळवायला आलाच, तर त्याला आधी विचारा, ‘तेव्हा हेल्मेट कुठे होतं?’ मग मेमो द्या. पुढच्या वर्षी असे प्रसंग शून्यावर येतात. कागदावरचं हे शून्य मोठ्या अक्षरांत छापून दर्शनी भागात लावा.

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, तेव्हा शपथ, घोषवाक्य स्पर्धा आणि आठ बाय चारचा फ्लेक्स. त्या गर्दीत मागच्या रांगेतला एखादा मदतनीस उठून म्हणेल, ‘साहेब, त्या डबल पोलच्या हँडलांना एक लाल, एक पिवळा रंग मारून नावं टाकली तर?’ सूचना चांगली आहे, म्हणून टाळ्या वाजवा. मग समजावून सांगा की रंगाचा डबा देखभाल-दुरुस्तीच्या हेडमध्ये येतो, त्याला एस्टिमेट लागतं, मंजुरी विभागीय कार्यालयाची, आणि यंदाचा निधी संपलाय. फ्लेक्स वेगळ्या हेडमधून आहे. त्या मदतनीसाला बक्षीस म्हणून स्टीलचा डबा द्या, आणि फोटोत हेल्मेट घालून उभं राहायला सांगा. हेल्मेट आपल्या ऑफिसातलंच द्या, फोटो झाला की परत घ्या, रजिस्टरला नोंद आहे.