खुलासा: रिपोर्टमध्ये विषाणू दिसला नाही म्हणून मुलांच्या गोळ्या बंद करू नका

‘व्हायरल लोड निल आला की एचआयव्ही गेला, वाढत्या वयात मुलांना गोळ्यांतून सुटी द्यावी’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आणि घातक आहे.

व्हायरल लोड म्हणजे एक मिलिलिटर रक्तातल्या विषाणूंचा आकडा. तो ५० पेक्षा कमी म्हणजे गोळ्यांनी विषाणू दाबून ठेवला आहे, एवढंच. काही पेशींत तो सुप्त राहतोच. गोळ्या थांबल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. अधूनमधून खाडे झाले तर औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होऊ शकतो.

खाडे बहुतेकदा किशोरवयातच होतात आणि घरचे ‘आता मोठा झाला, स्वतः घेईल’ म्हणून हात काढून घेतात. एकदम सोडू नका. वेळ मुलांनाच ठरवू द्या, आठवड्याच्या डबीत गोळ्या त्यांनाच भरू द्या. रविवारी डबी सोबत बसून बघा. कप्पा भरलेला दिसला तर रागावू नका, कारण विचारा. ओरडलात की पुढच्या वेळी गोळी कचऱ्यात जाते आणि डबी मात्र रिकामी दिसते.

डोल्युटेग्राविर ही एचआयव्हीची गोळी चालू असेल तर लोह-कॅल्शियमच्या गोळ्या रिकाम्या पोटी तिच्यासोबत नकोत. तिच्यानंतर २ तासांनी किंवा तिच्या ६ तास आधी द्या. जेवणासोबत एकत्र चालतात. अँटासिड (ॲसिडिटीचं औषध) मात्र जेवणासोबतही नको, तिथे हेच अंतर पाळा. राहिलेली गोळी आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीला ४ तासांहून कमी उरले असतील तर ती सोडावी. दुप्पट डोस कधीच नको.

व्हायरल लोडचा आकडा १००० च्या वर गेला तर समुपदेशन घेऊन ३ महिन्यांनी तपासणी पुन्हा करा.