पाचव्या दिवशी बोटॉक्सचं दुसरं इंजेक्शन का दिलं नाही: वन-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू वाचला. बोटॉक्सच्या नावाखाली पाणी टोचलं, पाच दिवसांत आठ्यांमध्ये काडीचा फरक नाही, टच-अप म्हणजे वरचा जादा डोस मागितला तर परत पाठवलं, भुवयांमधल्या खाचेत फिलर (त्वचेखाली टोचून भरायचं जेल) भरायलाही नकार दिला आणि पार्लरमध्ये हेच काम निम्म्या पैशात होतं, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या केसपेपरमधलं काहीही मी इथे लिहिणार नाही. पेशंटची माहिती चारचौघांत मांडायची नसते. तुम्ही स्वतः जे लिहिलंय, तेवढ्यालाच उत्तर देते.

आधी पाण्याचं बघू. सिस्टर बाटलीत सलाईन घालताना तुम्ही पाहिलंत आणि ‘दुधात पाणी’ असा शेरा मारलात. बोटॉक्सच्या बाटलीत द्रव नसतोच. तळाशी जेमतेम दिसेल असा कोरडा पांढरट थर असतो, सलाईनमध्ये विरघळवल्याशिवाय तो सिरिंजमध्ये येणार कसा? 50 युनिटच्या बाटलीत सव्वा मिली सलाईन घातलं की 0.1 मिलीमध्ये 4 युनिट येतात. दोन भुवयांमधल्या आठ्यांचा ठरलेला डोस 20 युनिटचा, पाच ठिकाणी चार-चार. म्हणजे सगळं मिळून अर्धा मिली. एवढ्याशा औषधाचे एवढे पैसे, हे कुणालाही खटकेल. पण विचारायचं असतं ते किती युनिट दिले हे, आणि तो आकडा बॅच नंबरसकट तुमच्या बिलावर छापलेला आहे. एकदा बघा.

आता पाचव्या दिवसाचं. नसेच्या टोकातून एक रसायन सुटतं, ते स्नायूला आखडायला सांगतं. बोटॉक्स त्या टोकात शिरून रसायन बाहेर पडू देत नाही. हे काम सुरू व्हायला तीन-चार दिवस लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे. पाचव्या दिवशी मी आणखी टोचलं असतं, तर पहिला डोस पुरता चढायच्या आतच त्यावर दुसरा बसला असता. औषध जास्त झालं किंवा पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलं, तर पापणी खाली उतरते. मग ती पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात, आणि बोटॉक्सचा परिणाम पुसून टाकणारं कुठलंही इंजेक्शन नाही. घरात लग्न आहे असं तुम्हीच लिहिलंय. अर्ध्या मिटलेल्या डोळ्याने फोटो काढून घेण्यापेक्षा माझ्यावर रागावलेलं परवडलं. (लग्नाच्या घाईतल्या सगळ्यांनाच सांगते, महिनाभर आधी या. हळदीच्या आठवड्यात येऊन चमत्कार मागू नका.)

कपाळावरच्या वरच्या आडव्या रेषा ‘अर्धवट ठेवल्या’ हीसुद्धा तक्रार आहे. त्या मुद्दाम ठेवल्या आहेत. भुवई वर उचलणारा स्नायू कपाळावर एकच. ज्यांच्या वरच्या पापण्या जड असतात, ते नकळत दिवसभर त्याच स्नायूच्या जोरावर डोळे उघडे ठेवतात. तो पुरता सैल केला की कपाळ गुळगुळीत होतं खरं, पण भुवया डोळ्यांवर येऊन बसतात आणि माणूस दमलेला दिसतो. गुळगुळीत कपाळाची मागणी रोज होते. मी ती दर वेळी पुरवत नाही आणि पुढेही पुरवणार नाही.

फिलरला नाही म्हटलं, त्यावर मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. बोटॉक्स स्नायू सैल करतं, वर्षानुवर्षांच्या घडीने त्वचेत बसलेली रेघ ते पुसत नाही. चेहरा सैल सोडल्यावरही दिसते ती हीच. मग ती भरून का नाही द्यायची? कारण भुवयांमधल्या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला, तर मागे सरकत डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद पाडू शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर गेलेली दृष्टी परत येणं फार अवघड असतं, आणि चेहऱ्यावरच्या सगळ्यांत धोकादायक जागांमध्ये ही जागा धरली जाते. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर विरघळवणारं औषध आमच्याकडे कायम असतं. म्हणून जाणूनबुजून तिथे सुई घालायची का? त्या रेघेसाठी दुसरे उपाय आहेत, ते सावकाश करता येतात.

मैत्रिणीचं वर्षभर टिकलं म्हणता. बोटॉक्स तीन-चार महिने टिकतं, हे संमतीपत्रातही लिहिलेलं आहे. वर्षभर टिकलं असेल तर तो बहुधा फिलर असावा.

‘शरीरात विष घातलं’ हे खरं आहे. विषच आहे, फक्त अगदी सूक्ष्म मात्रेत. अमेरिकेत 1989 मध्ये त्याला पहिली मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या विकारासाठी. आठ्यांसाठी 2002 मध्ये. म्हणूनच ते कोण टोचतंय आणि बाटली कुठून आली, याला महत्त्व आहे. 2024 मध्ये अमेरिकेत बनावट किंवा गैर पद्धतीने टोचलेल्या बोटॉक्समुळे अनेक राज्यांत लोक आजारी पडले, काहींना दवाखान्यात भरती करावं लागलं. त्यांना ती इंजेक्शनं घरात, स्पामध्ये किंवा परवाना वा प्रशिक्षण नसलेल्यांकडून मिळाली होती. पार्लरमधला निम्मा दर ऐकला की औषध कोणतं, किती युनिट आणि टोचणारी व्यक्ती डॉक्टर आहे का, एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तिथून उठून या.

पैसे परत करणार नाही, कारण ठरलेलं औषध ठरलेल्या डोसमध्ये दिलं आहे. पंधराव्या दिवसाची तपासणी तुमच्या फीमध्येच धरलेली असते, त्या दिवशी या. भुवया आक्रसून दाखवा. स्नायू तेव्हाही हलत असेल, तर लागतील तेवढे युनिट देऊ, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. आधी फोन करून वेळ घ्या, म्हणजे ताटकळावं लागणार नाही. तोवर तिथे मसाज किंवा फेशियल करू नका.