बसायला दुसरा दगड नव्हता का ओ?

रविवारी घरच्यांना घेऊन हत्तरसंग कुडलला गेलो होतो. डोकं अजून तापलंय, आणि ते सोलापूरच्या उन्हानं नाही.

विजापूर रोडनं चाळीसएक किलोमीटर. भीमा-सीनेचा संगम, काठावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वराची देवळं. एका शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलीयत तिथं. म्हटलं, निवांत एकेक खांब, एकेक मूर्ती बघू.

कसलं निवांत! एका कोरीव दगडावर एक अख्खं कुटुंब जेवायला बसलेलं. कडक भाकरी, दही, शेंगाचटणी. जेवा की, आम्हीही तेच नेलं होतं. पण पत्रावळी कुठं मांडली? नक्षीवर. आपली शेंगाचटणी तेल सोडणारी, आणि ते तेल दगडाच्या फुलपाकळ्यांत उतरतंय. मी नीटच म्हटलं, "काका, कोरलेला दगड आहे ओ, जरा झाडाखाली बसता का?" तर म्हणे, "पडलेलाच दगड आहे की. तुमच्या बापाचा आहे का?"

नाही ओ काका. हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी बापानं छिन्नी चालवून केलाय.

दुसरीकडं एक पोरगा मूर्तीच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढतोय, कॉलेजच्या कट्ट्यावरच्या मित्रासारखा. त्याच्या दोस्ताच्या स्पीकरवर डीजेची गाणी. एकीनं लेकराला बुटासकट कोरीव कामावर उभं केलंय, "हस बाळा, हस!" आणि हीच मंडळी दहा मिनिटांपूर्वी पायताण बाहेर काढून गाभाऱ्यात नाक घासत होती. उंबऱ्याच्या आत देव, बाहेर बाकडं!

जास्त जळलं ते संगमेश्वराच्या देवळात. तिथल्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा शिलालेख आहे. शाळेत आपण मराठीचा पहिला लेख म्हणून श्रवणबेळगोळ घोकलं, आणि ज्यावर सन स्पष्ट कोरलंय असा इतका जुना मराठी लेख आपल्या दक्षिण सोलापुरात! शेवटची ओळ, 'वाछि तो विजेया होइवा'. जो वाचेल तो विजयी होईल. मी मान वर करून अक्षरं लावत उभा होतो, तर मागून एकजण, "ओ, सरका की, फोटोत येताय." त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. कोरणाऱ्यानं अट एकच घातली होती राव, वाचायची!

आणि लोकांना काय बोलू, आमचे दाजी खांबाला टेकून मोबाईलवर मॅच बघत होते.

ते कुटुंब उठून गेल्यावर मी बाटलीतलं पाणी आणि रुमाल घेऊन तो दगड पुसत बसलो. वरचं लाल निघालं. पाकळ्यांच्या खाचेतलं तेल काही निघेना. बायको म्हणाली, "चला आता, लोक बघायलेत." बघू देत! मघाशी कुणी बघत नव्हतं ते!

परत येताना दाजी गाडीत म्हणतात, "जागा बरीय, पण बघण्यासारखं काय नाही ओ तिथं."

घर येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. हाताला चटणीचा वास तेवढा येत होता.