टर्बो इंजिनात ‘लपवलेली’ ताकद नसते

गेले काही महिने एक मेसेज गाडीवाल्यांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाडीत कंपनी मुद्दाम ताकद दाबून ठेवते. लॅपटॉप लावून तासाभरात रीमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलली, की ११० हॉर्सपॉवरची गाडी १४० ची होते. नॉक सेन्सर असतो, त्यामुळे इंजिनाला काही होत नाही. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं की झालं. ऑइल मात्र कंपनी सांगते तेव्हाच बदला, आधी बदलणं म्हणजे पैसे वाया.

मी गेली बावीस वर्षं इंजिनं खोलतोय आणि बांधतोय. ताकद वाढवलेल्या गाड्या मला मनापासून आवडतात, माझी स्वतःचीही तशीच आहे. म्हणूनच हा मेसेज वाचून बिघडवलेली गाडी कोणी टो करून आणतं, तेव्हा जीव तुटतो.

आधी ‘कंपनी ताकद दाबून ठेवते’ याबद्दल. हे एके काळी खरं होतं, पण जपानात. १९८९ पासून २००४ पर्यंत तिथल्या कंपन्यांनी आपसातल्या समजुतीनं जाहीर आकडा २८० हॉर्सपॉवरच्या वर नेला नाही. टोयोटाच्या सुप्रा या स्पोर्ट्स कारचं तीन लिटरचं टू-जेझेड इंजिन घ्या, सहा सिलिंडर आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक. त्या इंजिनात खरोखरच खूप काही शिल्लक होतं. तिथले किस्से ऐकून आपण तीच समजूत ९९९ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या, अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकच्या इंजिनाला चिकटवली.

या छोट्या इंजिनातही कंपनी जागा ठेवते, नाही असं नाही. ती कशासाठी? मे महिन्यातलं चंद्रपूर, ४५ अंश, एसी चालू, पाच माणसं, डिकी गच्च, आडबाजूच्या पंपावरचं पेट्रोल आणि वर्षभर न बघितलेला एअर फिल्टर. हे सगळं एकाच दिवशी जुळून आलं तरी पिस्टन वाचला पाहिजे, म्हणून. रीमॅपवाला तीच जागा विकतो. जानेवारीतल्या पहाटे एक्स्प्रेसवेवर काही जाणवणार नाही, गाडी पळेल. हिशेब मे महिन्यात होतो.

मागच्या उन्हाळ्यात अशीच एक गाडी आली. एक लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, रीमॅप होऊन चार महिने झालेले. तक्रार एवढीच की पिकअप गेला आणि आयडलला थरथरते. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं तर आतून भकाभका धूर. प्लग काढले. दोन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिठाच्या कणाएवढे चकचकीत ठिपके होते. ते अ‍ॅल्युमिनियम होतं, म्हणजे पिस्टन प्लगवर येऊन बसला होता. कॉम्प्रेशन पाहिलं तर एक आणि तीन नंबर ठीक, दोन नंबरला काटा निम्म्यावरही चढेना. हेड आणि चेंबर, म्हणजे खालचं ऑइलचं भांडं, उतरवून पिस्टन बाहेर काढला, तर दोन रिंगांमधली कड अंगठ्याच्या नखाएवढी तुटून पडलेली. गाडीचा मालक, तरणा पोरगा, शेजारी उभा होता. त्यानं तो तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ बोललाच नाही.

त्यानं गाडी रेसिंगला नेली नव्हती. पाचव्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवर खंबाटकी चढायचा, पाय तळापर्यंत दाबून. गिअर खाली घेतला की अ‍ॅव्हरेज जातं, असं त्याला घरी शिकवलेलं.

इथे नॉक सेन्सरचा मुद्दा येतो. साधं नॉकिंग झालं, म्हणजे मिश्रण वेडंवाकडं पेटून इंजिनात ठकठक झाली, की सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा टाकतो, हे बरोबर आहे. पण कमी आरपीएम आणि जबर लोड एकत्र आले की थेट इंजेक्शनच्या (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनात दुसरंच काही होऊ शकतं. सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइल-पेट्रोलचा थेंब उडतो, आपोआप पेटतो आणि ठिणगी पडायच्या आधीच सगळं मिश्रण जळायला लागतं. ठिणगी उशिरा टाकून काय उपयोग? जाळ आधीच लागलेला असतो. सेन्सरला कळतं तेव्हा धक्का बसून गेलेला असतो. आणि बहुतेक स्वस्त रीमॅप नेमके इथेच, १८०० ते २२०० आरपीएमला, सगळ्यात जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) ओततात, कारण ट्रायल घेताना पाठ सीटला तिथेच चिकटते. जाणता माणूस २५०० च्या खाली टॉर्क जवळजवळ आहे तसाच ठेवतो आणि वाढ वरच्या आरपीएमला देतो.

शंभर ऑक्टेननं हा धोका संपत नाही. ऑक्टेन म्हणजे आपोआप पेट घ्यायला केलेला विरोध, ती ताकद नव्हे. अर्धी टाकी साधं आणि वर अर्धी शंभरचं टाकलं तर मिळणारा आकडा मधलाच. शंभरवर बेतलेला मॅप घेऊन तुम्ही कोकणात उतरलात आणि ते पेट्रोल मिळालंच नाही, तर? शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप किती देऊ शकतात हे न मोजता परदेशातली तयार फाइल चढवली की वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. ट्यूनरकडे लॉग, म्हणजे गाडी चालवताना घेतलेल्या मोजमापांची नोंद, मागा. ‘लॉग कशाला’ असं उत्तर आलं तर गाडी तिथून घेऊन या.

गिअरबॉक्सचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.५ टीएसआय या टर्बो इंजिनाला मिळणारा सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ड्राय क्लचचा, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेल्या क्लचचा आहे. त्याची रेटेड क्षमता २५० न्यूटन-मीटर आणि इंजिनाचा कंपनीचा टॉर्कही २५० च. वाढवलेलं सगळं क्लचच्या अंगावर येतं. वॉरंटीचं म्हणाल तर बऱ्याच ईसीयूत सॉफ्टवेअर बदलल्याची नोंद राहते, जुनी फाइल परत चढवली तरी.

आणि ऑइल. मेसेजमधला हा सगळ्यात वाईट सल्ला. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की ऑइल पुरतं तापतच नाही, त्यात पेट्रोल उतरतं आणि ते पातळ होतं. कंपनीचा पंधरा हजार किलोमीटर हा आकडा बऱ्या रस्त्यावर, सरळ चालणाऱ्या, हात न लावलेल्या गाडीचा. ताकद वाढवलेल्या गाडीचं मी सात हजारांच्या वर जाऊ देत नाही. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घ्यायचं आणि डब्यावर एपीआय एसपी हा ऑइलचा दर्जा लिहिलाय ना ते बघायचं. २०२० मध्ये आलेल्या या दर्जात वर सांगितलेल्या आगाऊ पेट घेण्याचीच चाचणी आहे. कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल तापायला आणखी वेळ लागतो, तोवर पाय दाबू नका. घाट चढून आल्या आल्या चावी बंद करू नका, शेवटचे एक-दोन किलोमीटर हळू चालवलेत तरी पुरतं.

आज संध्याकाळी एवढं करा. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढून नाकाशी धरा. पेट्रोलचा उग्र वास आला, किंवा न भरताच पातळी वर सरकलेली दिसली, तर किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑइल याच आठवड्यात काढा.