दीड लाख किलोमीटरला डिझेल इंजिन ‘संपतं’? त्या मेसेजमधला एकेक दावा तपासू

लातूर-नांदेडपासून जालन्यापर्यंत गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘जुनी डिझेल स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा घेऊ नका. 1.3 चं इंजिन दीड लाखाला संपतं. त्यात चेन आहे, तिकडे बघायचं काम नाही, पण बाकी सगळं जातं. घेतलीच असेल तर थर्मोस्टॅट काढून टाका, जाड ऑइल टाका, टाकीत लिटरभर रॉकेल टाका, ईजीआरला पत्रा मारा. नवं बीएस-6 डिझेल या इंजिनला मारतं. आणि दहा वर्षं झाली की गाडी जप्त होते.’

यातल्या भीतीपोटी लोक चांगल्या गाड्या मातीमोल भावानं विकतात. त्याहून वाईट म्हणजे यातले ‘उपाय’ केले तर धडधाकट इंजिनसुद्धा बिघडतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘दीड लाखाला संपतं’

हे 1248 सीसीचं चार सिलिंडर, 16 व्हॉल्व्हचं इंजिन मुळात फियाटचं. युरोपात ते 2003 साली आलं, आपल्याकडे स्विफ्टमध्ये 2007 साली. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं, टाटा-फियाटसाठी आपल्या रांजणगावला. ब्लॉक (सिलिंडरांचा मुख्य भाग) बिडाचा, हेड (त्यावरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं. टूरवर चाललेल्या डिझायर हेड न उघडता तीन लाखांच्या पुढे गेलेल्या कुठल्याही टॅक्सी स्टँडवर सापडतील.

मग दीड लाखाला काही इंजिनं बांधायला का येतात? आपल्या भागात पहिलं कारण धूळ. सोयाबीनची मळणी सुरू झाली की रस्त्याकडेची हवा पाहा. काळ्या रानातली ती बारीक माती एअर फिल्टरच्या कडेनं आत शिरली की रिंग आणि सिलिंडरची भिंत घासते, कॉम्प्रेशन उतरतं, गाडी ऑइल खायला लागते. स्वस्तातला फिल्टर नेमका कडेलाच नीट बसत नाही. तपासायला एक मिनिट लागतो. फिल्टरच्या पुढचा, म्हणजे टर्बोकडे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे) जाणारा पाइप काढा आणि आतून बोट फिरवा. बोटाला थोडा तेलकटपणा आला तर चालतं. माती आली तर फिल्टर, त्याच्या डब्याच्या क्लिपा आणि पाइपचे क्लॅम्प तिन्ही बघावे लागतील. फिल्टर दर 5,000 किलोमीटरला उघडून बघा, 20,000 ला बदला, आणि रोज कच्च्या रस्त्यानं जाणं असेल तर 10,000 लाच.

घ्यायची गाडी तपासताना इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण सैल करा. हलकी वाफ येणं नेहमीचं आहे. झाकण उडायला लागलं, ढुस ढुस धूर आला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरातला दाब रिंगांच्या कडेनं खाली गळतोय. मग मीटरवर 80,000 दिसत असले तरी त्यावर विसंबू नका. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, आणि चार सिलिंडरांत किती फरक पडतो ते बघा.

‘चेन आहे, बघायचं काम नाही’

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. चेन म्हणजे टायमिंग चेन, क्रँक आणि कॅम यांना जोडून व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ सांभाळणारी साखळी. बेल्टसारखी ठरावीक किलोमीटरला बदलायची अट तिला नाही, एवढंच खरं. पण ही चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जुनं झालं, कमी पडलं किंवा गाळानं भरलं की टेन्शनर ढिला पडतो, चेन आणि तिच्या पट्ट्या झिजतात. शेवटी चेन दात सोडते. या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात मोकळी जागा नाही. टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. नशीब असेल तर रॉकर आर्म तुटून भागतं, नाहीतर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं.

ही चेन आधी सांगते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करा आणि गिअरबॉक्सच्या विरुद्ध बाजूला कान द्या. सेकंदभर खडखड होऊन थांबली तर ऑइल आणि त्याची तारीख तपासा. तीन-चार सेकंद राहिली, किंवा गरम झाल्यावरही ऐकू आली, तर काम पुढे ढकलू नका. नुसती चेन बदलून पैसे वाचत नाहीत. चेन, टेन्शनर, दोन्ही पट्ट्या, दातचक्रं आणि पुढचं ऑइल सील एकदमच बदला. याच कामात ऑइल सम्प उतरवून पंपाची जाळी धुवून घ्या, कारण गाळ बसतो तो तिथेच. आणि मिस्त्रीला आधी विचारा, क्रँक आणि कॅम लॉक करायच्या पिना त्याच्याकडे आहेत का. अंदाजानं खुणा जुळवून हे इंजिन बांधायचं नसतं.

जाड ऑइलचा सल्लाही इथेच निकाली निघतो. 20डब्ल्यू-50 टाकलं की खडखड थोडी दबते, म्हणून लोकांना ते पटतं. पण थंड इंजिनात जाड ऑइल टेन्शनरपर्यंत आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचतं, आणि झीज नेमकी त्या पहिल्या सेकंदांत होते. आवाज दबतो, झीज चालूच राहते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेडच वापरा. साधारण तीन लिटर लागतं. थोडं थोडं भरून डिपस्टिकवर बघा, वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका. बदलायचं 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, आधी येईल त्याला. धुळीत आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला 7,500 बरं. ऑइल फिल्टर प्रत्येक वेळी नवा.

टर्बोचंही गणित हेच. तो किलोमीटरनं जात नाही, ऑइल न मिळाल्यानं जातो. सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा, पहिले दोन किलोमीटर हळू चालवा. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर आयडलवर राहू द्या. पिकअप गेला, काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज येतोय, तर टर्बो बदलायच्या आधी हवेचे रबरी पाइप हातानं दाबून तडा बघा. पुष्कळदा दोष तिथेच निघतो.

‘थर्मोस्टॅट काढा, उन्हाळ्यात गरम होणार नाही’

मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की हा उपाय गॅरेजोगॅरेजी चालतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती काढली की थंडीत आणि छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. न तापलेलं डिझेल इंजिन काजळी जास्त करतं, अर्धवट जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, अ‍ॅव्हरेज पडतं. आणि गाडी गरम होण्याचं खरं कारण तसंच राहतं.

ते कारण बहुतेक वेळा पाणी असतं. बीड, लातूरकडचं बोअरचं पाणी जड. घरच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या वाटांत बसतो. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, दर दोन वर्षांनी नवं, एवढं केलं तर थर्मोस्टॅटला हात लावायची वेळ येत नाही. वाटेत अडलात आणि बोअरचं पाणी भरावं लागलं, तर भरा, पण आठवड्यात सिस्टिम धुवून कुलंट घाला.

दुसरं कारण बाहेरचं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ आणि कापसाचे तंतू अडकतात. समोरून बघितलं तर स्वच्छ दिसतं. बंपर सैल करून आतून बाहेरच्या दिशेनं कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. मोठ्या प्रेशरनं पत्र्या वाकतात. फॅनच्या दोन्ही स्पीड चालतात का, तेही बघा.

काटा लाल खुणेकडे गेला तर थांबा. झाकण उघडू नका, गार पाणी ओतू नका. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तिथेच वाकतं. कुलंटच्या टाकीत तपकिरी दह्यासारखा थर दिसला की हेड गॅसकेट गेलं असं लगेच सांगितलं जातं. आधी ऑइल फिल्टरच्या हाउसिंगजवळचा ऑइल कूलर तपासून घ्या. तो फुटला तरी ऑइल पाण्यात उतरतं, आणि ते काम हेडच्या मानानं खूप छोटं आहे. थंड इंजिन सुरू करताच टाकीत बुडबुडे आले आणि पाइप लगेच कडक झाला, तर मात्र संशय गॅसकेटवरच.

‘रॉकेल टाका, बीएस-6 डिझेल मारतं’

या इंजिनात कॉमन रेल आहे, म्हणजे चारही इंजेक्टरांना एकाच नळीतून जोरात दाबलेलं डिझेल मिळतं. त्याच्या पंपात दाब हजार बारच्या वर जातो, आणि त्या पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच. रॉकेल पातळ, वंगण कमी. नोझल साफ होणं दूरच, पंप घासतो, त्याचा चुरा चारही इंजेक्टरांत जातो. बीएस-6 डिझेलमध्ये गंधक 50 पीपीएमवरून (दहा लाख भागांत 50 भाग) 10 वर आलं हे खरं. पण कमी झालेलं वंगण भरून काढायला रिफायनरीत मिश्रक घालतात, आणि वंगणक्षमतेची मर्यादा भारतीय मानकातच ठरलेली आहे. जुन्या इंजिनला ते चालतं.

खरा धोका शेतावरच्या बॅरलचा आहे. ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या डिझेलमध्ये पाणी आणि गंज असतो. ट्रॅक्टरचा जुना पंप तो काही काळ सोसतो, हे इंजिन सोसत नाही. डिझेल फिल्टर 20,000 ला बदला. फिल्टरच्या खालचा नळ दर सर्व्हिसला सैल करून काचेच्या भांड्यात थोडं डिझेल घ्या, पाणी तळाला वेगळं दिसतं. पाण्याचा दिवा लागला तर गाडी पुढे रेटू नका.

इंजेक्टरवर संशय असेल तर आधी रिटर्न टेस्ट. चारही रिटर्न नळ्यांना सारख्या बाटल्या लावून इंजिन चालवा, ज्यात जास्त डिझेल साचेल तो कमजोर. एकासाठी चारही बदलू नका. नवा बसवताना तांब्याचा वॉशर नवाच हवा, आणि इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरनं ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरून घ्या.

‘ईजीआरला पत्रा मारा’

ईजीआर म्हणजे जळालेल्या धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. त्याची वाट पत्र्यानं बंद केली की मॅनिफोल्डमधली (हवा आत नेणाऱ्या नळीतली) काजळी कमी होते, एवढा भाग खरा. पण ईसीएमला हवेचा हिशोब जुळत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा बंद करणं बेकायदा आहे. 40,000-50,000 किलोमीटरला व्हॉल्व्ह काढून साफ करा, गॅसकेट नवं घाला.

‘दहा वर्षांनी जप्त’

डिझेल गाड्यांची दहा वर्षांची अट दिल्ली आणि तिच्या एनसीआर परिसरासाठीची. मराठवाड्यातल्या एमएच-20 ते 26 च्या, हिंगोलीच्या 38 च्या किंवा अंबाजोगाईच्या 44 च्या खासगी गाडीला ती लागू नाही. इथे नोंदणी 15 वर्षांची. त्यानंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत संपायच्या आधी धुराची तपासणी करून घ्या. काळा धूर दिसला तर एअर फिल्टर, हवेचे पाइप, ईजीआर आणि इंजेक्टर, याच क्रमानं बघत जा. पहिल्या तीन गोष्टी स्वस्त आहेत.